घडी कोणाची

माझ्या आत्याला डोळ्यांच्या दवाखान्यात सगळे ‘बॅकअपबाई’ म्हणतात. तिथल्या मशीनखोलीत ती एकोणीस वर्षं बसते आहे. खोलीत खरी मशीन्स तीनच, पण त्यांच्या पोटात चाळीस आभासी मशीन्स नांदतात. कुणी पेशंटची नोंदणी सांभाळतं, कुणी चष्म्याचे नंबर, कुणी ऑपरेशनच्या तारखा. आत्या त्यांना भाडेकरू म्हणते. या चाळीस भाडेकरूंची रोज नक्कल काढून वेगळी ठेवायची, म्हणजे एखादा कोसळलाच तर नकलेवरून पुन्हा उभा करता येतो, हे तिचं काम. नीट झालं तर कुणाला पत्ताही लागत नाही, असलं काम. आत्याचं दुखणं तेच.

सहा वर्षांपूर्वी त्या खोलीत माझी आई आली. आणली आत्यानेच. “माझी वहिनी हुशार आहे, साहेब,” असं ती स्वतःच्या तोंडाने बोलून बसली. महिन्याभरात अख्खा दवाखाना आईला वहिनी म्हणायला लागला. वॉचमन वहिनी, औषधवाला वहिनी, खुद्द साहेब वहिनी.

“तू जगाची वहिनी कशी गं झालीस? भाऊ माझा आहे.”

“मग सांगा ना त्यांना, वन्सं. मी काय गळ्यात पाटी अडकवून फिरू?”

आई हे हसत म्हणायची. ते हसणंच आत्याला झोंबायचं.

पुढे नक्कल ठेवायला नवीन यंत्र आलं. काळं, पेटीएवढं, त्याला सगळे ‘डबा’ म्हणायचे. त्याची खुबी अशी की एकसारखा तुकडा तो एकदाच साठवतो. तोच तुकडा उद्या पुन्हा दिलात, तर ‘हा आहे माझ्याकडे’ म्हणून नुसती खूण करून ठेवतो.

आत्याची पद्धत जुनी होती. रविवारी पूर्ण नक्कल, बाकी सहा दिवस जेवढं बदललं तेवढंच.

आई म्हणाली, “म्हणजे शनिवारी काही पडलं तर रविवारच्या नकलेवर सगळे तुकडे ओळीने चढवत बसायचं. मधला एक सडका निघाला की पुढचं सगळं ओम फस्स. आता डबा आहे ना? रोज पूर्णच घेऊ की.”

“एकोणीस वर्षांत माझा एक तुकडा सडलेला नाही.”

“सडायची वाट बघायचीय का, वन्सं?”

साहेबांनी तोडगा काढला. दोघींनी आपापली पद्धत एकेक आठवडा चालवायची. जिची बरी ठरेल तिची कायम, आणि मशीनखोलीही तिच्याच ताब्यात.

आत्याचा आठवडा गुपचूप पार पडला. डबा जेमतेम तेवीस टक्के भरला. तो रिकामा करून आईचा आठवडा सुरू झाला. सोमवारी सकाळी आकडा तेरा. मंगळवारी सव्वीस. बुधवारी एकोणचाळीस.

इथे त्या खोलीतला एक शब्द सांगायला हवा. नक्कल पाठवण्याआधी दाबून लहान करता येते. आत्या त्याला ‘घडी घालणं’ म्हणते. डिस्क लहान होत्या तेव्हापासूनची तिची शिस्त. आईला तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “घडी घातल्याशिवाय काही पाठवायचं नाही. पसारा मला चालत नाही.” आई इमानेइतबारे घडी घालत होती. पण या डब्याला घडी म्हणजे विष. आतलं थोडंसं बदललं तरी घडी वेगळीच पडते, कालचा तुकडा डब्याला ओळखू येत नाही, आणि तो सगळं नव्याने साठवत बसतो.

आत्याला हे ठाऊक होतं. डब्याचं जाडजूड माहितीपुस्तक तिने दुपारच्या सुट्टीत पेन्सिल घेऊन वाचलं होतं, आणि आपल्या आठवड्यात घडी हळूच काढून टाकली होती. मंगळवारी आईच्या पडद्यावर तिला घडीच्या चौकटीतली बरोबरची खूण दिसली.

“अगदी ओठांवर आलं होतं गं,” ती मला नंतर म्हणाली. “तेवढ्यात तो औषधवाला मुडदा दारात. माझ्या डोक्यावरून बघतो आणि विचारतो, वहिनी कुठायत? म्हटलं, असू दे मग.”

बुधवारी रात्री घरी जेवताना आई नुसती ताटात बोटं फिरवत होती.

“वन्सं, माझं काही चुकतंय का हो? डबा असा का भरतोय?”

“डबा आहे. भरणारच.”

“पण तेच तेच तुकडे...”

“मला काय विचारतेस? पद्धत तुझी.” आत्याने वाटी पुढे केली. “वाढ जरा.”

बाबा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले आणि शहाण्यासारखे ताट उचलून उठले.

शुक्रवारी पासष्ट टक्के. साहेबांनी दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. त्या खोलीत काय झालं ते मला दोघींनीही सांगितलंय. दोन्ही हकिकतींत दोष वेगवेगळ्या बाईचा आहे, पण वाक्यं तीच आहेत.

“वहिनी, हा डबा पुढच्या आठवड्यातच उतू जाणार. आपल्याला महिन्याभराच्या नकला ठेवायच्यात.”

“घडी घालूनही भरतोय, साहेब.”

“घडी?”

आईने समजावून सांगितलं. साहेब खूश. “वा! काय शब्द काढलात! बॅकअपबाई, पद्धत तुमचीच ठेवू. पण ही वहिनींची घडी मात्र सगळ्या मशीन्सना लावून टाकू.”

“अहो नाही, ती वन्सं...” आई म्हणू लागली.

“वहिनींची घडी! बोर्डावर लिहायला हवं!”

आत्या जिंकली होती. खोली तिची, पद्धत तिची. गप्प बसायचं, एवढंच बाकी होतं. ती खुर्ची मागे ढकलून उठली.

“घडी माझी आहे! शब्द माझा, शिस्त माझी, हिला शिकवली मी! आणि त्या घडीनेच तर डबा भरलाय. काढा ती घडी, मग बघा आकडा.”



“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?” आईने विचारलं.

“मंगळवारपासून.”

साहेबांना अचानक एक फोन आठवला आणि ते बाहेर गेले.

“चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही, आणि तुम्ही समोर बसून दोनदा वाढून घेत होतात.”

“तुला सगळे विचारतात गं. मला कुणी कधी काही विचारलंय?”

“मी विचारलं होतं. बुधवारी.”



घडी काढून आईचा आठवडा पुन्हा झाला. पहिल्या दिवशी एकोणीस, आणि आठवडा संपताना जेमतेम बावीस. पद्धत आईची ठरली, खोलीही आईकडे गेली. महिनाभर आई आत्याशी कामापुरतंच बोलली. माझ्याकरवी निरोप धाडायची. घराचा जिना एकच, वर आत्या, खाली आम्ही, आणि मी वर-खाली.

मग एक नवं काम निघालं. या डब्यात तुकडा एकच असतो, म्हणजे तोच खराब झाला तर त्याच्यावर टेकलेल्या सगळ्याच नकला लंगड्या. म्हणून रोज एक भाडेकरू नकलेवरून खरंच उभा करून बघायला हवा. कोण करणार?

“मी करीन,” आत्या म्हणाली. “माझा हिच्या नकलांवर भरवसा नाही.”

“करा की,” आई म्हणाली.

तेव्हापासून रोज सकाळी दहाला आत्या एक भाडेकरू उठवते, आत शिरून शंभर नोंदी तपासते, कुठे खोट सापडते का बघते. इतकी कसून तपासणी त्या दवाखान्यात आधी कधी झाली नव्हती, असं साहेब म्हणतात. तेही आईला म्हणतात.

गेल्या मंगळवारी चष्म्याच्या नंबरांचं मशीन उठायला बारा मिनिटं लागली. एरवी सात लागतात. आत्याने चहाला हात लावला नाही. आशेने की धास्तीने, ते तिचं तिलाही सांगता येत नाही.

“उठलं का, वन्सं?” आईने दारातून विचारलं.

“उठलं मेलं,” आत्या म्हणाली.