सरांच्या नावाने चालणारा सर्व्हर

मंगळवारी सकाळी माझे यजमान क्लासला निघाले, जिन्यात बसले आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेले.

ते लातुरात फिजिक्स शिकवत. गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या लागल्या, तशी त्यांच्याकडची मुलंही वाढत गेली. मुलं शंकेला डाऊट म्हणत. वर्गात आलेला डाऊट ते घरी आल्यावर कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवत, तोही त्या मुलाच्याच शब्दांत. खाली स्वतःचं उत्तर. "हे बघ" अशी बहुतेक उत्तरांची सुरुवात असे. मध्येच विषय सोडून मुलाला जेवलास का विचारलेलं असे, आणि तेही ते टाइप करत. यासाठी लागणारा डेटाबेस त्यांनी स्वतःच शिकून बसवला होता.

कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. भूकंप झाला तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. औशाकडच्या त्यांच्या गावात दगडमातीचं घर बसलं, त्यात आई गेली. ढिगाऱ्यातून तिचा एक फोटोही वर आला नाही. म्हणून आमच्या घरात जपायचं ते सगळं कॉम्प्युटरमध्ये.

फोनवर ते दोन शब्दांपलीकडे बोलत नसत. व्हिडिओ काढणारे तेच, त्यामुळे कशातच ते नाहीत. त्यांचं बोलणं कुठे उरलं असेल तर त्या उत्तरांमध्ये. मला ती वाचायची होती. एकदम नाही, रोज थोडी.

तेराव्यानंतर सासरे कॉम्प्युटरच्या खोलीत झोपत. कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर यजमानांचं नाव यायचं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये मदतीच्या रांगेत रोज नावं पुकारली जात, त्यात गेलेल्यांचीही असत आणि घरातल्या कुणीतरी उत्तर द्यावं लागे. सासूबाईंचं नाव आलं की सासरेच हात वर करत. हे यजमानांनी मला फार पूर्वी सांगितलं होतं. धाकटे दीर माझ्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, आण्णाला ते नाव बघवंना. काढू का?"

मी मान डोलावली. पडद्यावरचं नाव पुसायचं, एवढंच मला समजलं होतं.

पुढे माझी बदली नांदेडला झाली. एसटीत कॉम्प्युटरचा डबा पूर्ण वेळ मांडीवर ठेवून आणला. मांडून सुरू केला. त्यावर माझंही खातं होतं, त्या नावाने उघडला. डाऊटचा प्रोग्रॅम उघडला तर सर्व्हरशी जोडणी होत नाही असा संदेश आला. सर्व्हर म्हणजे कुठेतरी दूर असलेलं मोठं यंत्र, अशी माझी समजूत. मी इंटरनेटवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, नेट चांगलं चाललंय. मग एसटीच्या धक्क्यांनी काही सैल झालं असेल म्हणून वायरी काढून पुन्हा बसवल्या. शाळेतून आले की तोच संदेश वाचायचा, बंद करायचं, पुन्हा सुरू करायचं. मी मराठी शिकवते. ते एक वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की त्याचा अर्थ लागेनासा झाला.

शेवटी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. ती नांदेडातच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. रविवारी आली. सरांच्या फोटोला नमस्कार करून खुर्ची ओढून बसली.

"मॅडम, सर्व्हर कुठं बाहेर न्हाई. ह्याच डब्यात हाय. कॉम्प्युटर स्वतःलाच हाक मारून राहिलाय, अन् आतून कुणी ओ देईना."

"का?"

तिने बराच वेळ काही खिडक्या उघडल्या, मिटल्या. "सर्व्हर सरांच्या नावानं सुरू होतो. सरांनीच तसं बसवलंय. अन् सरांचं खातंच ह्याच्यावर न्हाई आता."

मी दिरांनी नाव काढल्याचं सांगितलं. सर्व्हर तिने दुसऱ्या खात्यावर सुरू केला. हिरवी खूण आली. पण आत जाऊ देईना, कारण तो सरांशिवाय कुणाला ओळखत नव्हता. सर्व्हर एका वेळी एकाच माणसाला घेतो पण जुनी ओळख मागत नाही, अशी एक आडवाट असते, ती तिने वापरली. मी चहा ठेवायला उठले.

"मॅडम, जोडला."

मी गॅस बंद करून आले. पडद्यावर यादी होती, यादीत 'डाऊट' होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती हसून म्हणाली, "माझाबी असंल ह्यात. सर म्हणायचे, तुझे डाऊट कमी अन् गप्पा लई."

तिने ते नाव उघडायला घेतलं. उघडलं नाही. पुन्हा एकदा. मग फाईल कुठे ठेवलेली होती ते तिने शोधून काढलं.

"फाईल सरांच्या फोल्डरात होती. बॅकअपबी तिथंच. खातं काढताना ते फोल्डरबी गेलं दिसतंय."

मी दिरांना फोन लावला. त्यांना आठवत होतं. "कॉम्प्युटरनंच विचारलं वहिनी, फायली ठेवायच्या का काढायच्या? आण्णा शेजारी बसलेले. म्हणले, काही ठेवू नको." मग म्हणाले, "का? काही पाहिजे होतं का त्यातलं?"

"नाही," मी म्हणाले.

पुसलेलं परत काढून मिळतं का म्हणून डिस्क दुकानात दिली. काही दिवसांनी त्यांनी तशीच परत केली.

त्या रविवारी ती विद्यार्थिनी निघताना मी तिला विचारलं होतं, तुझा डाऊट काय होता. जिन्यात चपला घालत तिने सांगितला. चंद्र पृथ्वीवर का पडत नाही, असा.

"आणि सर काय म्हणाले?"

तिने खूप आठवून पाहिलं. "हे बघ, म्हणले," ती म्हणाली. "पुढचं न्हाई आठवत, मॅडम."

सासऱ्यांचा लातूरहून फोन येतो. मागच्या वेळी त्यांनी विचारलं, "कॉम्प्युटर झाला का चालू?"

"झाला, आण्णा."

"बरं झालं," ते म्हणाले.

कॉम्प्युटर चालू आहे. सर्व्हर सुरू होतो, जोडणीही होते. यादीत 'डाऊट' हे नाव आहे. त्याच्यामागे फाईल नाही.