गालात विडा

झुबकेदार मिशीच्या माणसांचा मला आजही राग येतो. ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, आणि ती मुलं समोरच्याचे ओठ पाहूनच बोलणं ओळखतात.

म्हैसूरच्या शाळेतल्या माझ्या पहिल्याच वर्षी येलवालच्या वाटेवरच्या एका रंगाऱ्याची सात वर्षांची मुलगी माझ्याकडे होती. घरची भाषा आमच्यासारखीच मराठी, पण घरी तिला कोणी नावानं हाक मारत नसे. ‘मुकी’ म्हटलं की झालं. तिचं नाव ‘प’नं सुरू व्हायचं. ‘प’ आणि ‘म’ म्हणताना ओठ सारखेच मिटतात, म्हणून मी तिच्या तळहातावर कापसाचा पुंजका ठेवी. ‘प’ नीट म्हटला की कापूस उडे. चुकली की तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवून मी म्हणे, “पुन्हा.” आठ महिने हेच चाललं. एका सकाळी कापूस उडाला आणि तिचं अख्खं नाव तिच्या तोंडून आलं. मी वर्गातच रडले.

दसऱ्याआधी दरबारचे एक साहेब तपासणीला आले. शिकण्याजोगी नसतील त्या मुलांची नावं ते कमी करणार होते. वरचा ओठ मिशीत गडप आणि गालात विडा! त्यांनी तिला कानडीत नाव विचारलं, “हेसरेनु?” हा कानडी प्रश्नही मी तिला शिकवला होता; माझ्या ओठांवरून तो तिला नेमका कळे. तिनं त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि दिसलं तसंच केलं. गाल फुगवून ती विडा चघळायला लागली.

समोरच्याचं तोंड बघ आणि तसं कर, हे मीच तिला शिकवलं होतं!

“बुद्धी इल्ला,” साहेब म्हणाले. अक्कल नाही. तिच्या नावावर काट मारून ते पिंक टाकायला बाहेर गेले.

आणि मी? ‘तोंड रिकामं करून विचारा’ एवढंच म्हणायचं होतं. पण नोकरी नवी, साहेब दरबारचे. मी मूग गिळून गप्प उभी राहिले. साहेबांपेक्षा मला माझीच चीड येते.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप न्यायला आला. त्याच्यापुढे मात्र माझी जीभ सुटली. “अहो, तिला बोलता येतं!”

“बेडा, बाई. नको आता,” तो म्हणाला. “साहेबच म्हटले तर मी कोण? दसऱ्याची कापडं रंगवायची पडलीत, हाताखाली येईल ती.”

फाटकाशी तिनं बापाचा हात सोडवला आणि धावत परत आली. चुकलं की काय करायचं, ते तिला ठाऊक होतं. माझा हात ओढून तिनं स्वतःच्या गळ्यावर ठेवला.

“पुन्हा,” ती म्हणाली. ‘प’ अगदी स्वच्छ होता.