अक्कांची बादली

उन्हाळ्यात अक्कांच्या कमरेच्या पिशवीत कांदा नाही, असं कधी झालं नाही. धुळ्यातल्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात त्या स्वयंपाक करायच्या, मूळच्या एरंडोलच्या. कुणी चक्कर येते म्हटलं, की तळपायांना कांद्याचा रस आणि डोक्यावर गार पाण्याची बादली ठरलेली. "आंग धू पोरी, बठ्ठं निंघी जाई," म्हणायच्या, अंग धुतलं की सगळं निघून जातं. यापलीकडचं औषध आम्हालाही कधी लागलं नाही.

कॉलेज बुडवायचं असलं, तरी आम्ही चक्करच सांगायचो. अक्का लबाडी ओळखायच्या, "नाटकी!" म्हणायच्या आणि तरीही न्हाऊ घालायच्या. डोकं असं चोळायच्या, की खोटी चक्कर खरी व्हावी.

मे महिन्यात माझ्या खोलीतली पिंपळनेरची रोशनी दुपारी एका ओळखीच्या मुलाच्या वाढदिवसाला गेली. दिवस मावळायच्या आत रिक्षावाल्यानं तिला फाटकाशी आणून सोडलं. जीभ जड, पाय लटपटणारे, कपड्यांवर उलटी. ऊन लागलं, दुसरं काय! अक्कांनी तिला लेकरासारखं न्हाऊ घातलं, कपडे घासून वाळत टाकले, पन्हं पाजून निजवलं.

दोन-तीन दिवस रोशनी खोलीतच पडून होती. मग बोलली. सरबताचा ग्लास आठवत होता आणि एकदम अक्कांची बादली. मधलं काहीच नाही. अंगावर वळ मात्र होते.

अक्का आणि मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "सरबतातून गुंगीचं औषध दिलं असणार. ते शरीरात फार टिकत नाही. लगेच आणायला हवं होतं, न धुता, त्याच कपड्यांवर."

अक्का आपल्या हातांकडे बघत राहिल्या. "मनाच हातघाई बठ्ठं गयं वं माय!" सगळा पुरावा त्यांनी स्वतःच्याच हातांनी धुऊन टाकला होता.

तक्रार दिली. मुलगा म्हणाला, ती राजीखुशीनं आली होती, हसत होती. आता जिला काही आठवतच नाही, तिनं त्याला खोडून कसं काढायचं? तो आमच्याच रस्त्यानं मोटारसायकलवरून जातो. माझं डोकं फिरतं, आणि करता काहीच येत नाही.

रोशनी शिक्षण सोडून गावी गेली. पुढे एकदा मलाच खरंखुरं ऊन लागलं. अक्कांनी बादली भरली आणि तशीच ठेवली. अंगाला हात लावेनात. "पहिले दवाखानामा चाल," म्हणाल्या. त्यानंतर त्याही एरंडोलला भावाकडे निघून गेल्या.

अधूनमधून त्यांचा फोन येतो. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. "तिले काही याद उनं का?"

मी नाही म्हणते. रोशनीला आठवावं की कधीच आठवू नये, यातलं देवाकडे काय मागायचं, ते त्यांना कळत नाही, आणि मलाही नाही.