माझी झोप, बायकोचं मनगट

हसायचं नाही असं कबूल करा, मग सांगतो. म्हणजे हसलात तरी सांगणारच आहे. अख्ख्या निरवांगी गावाला माहीत झालंय, तर तुमच्यापासून काय लपवायचं?

आमची लेक स्वाती पुण्यात असते आणि झोपेवरचं नवनवं संशोधन वाचते. वाचते तर वाचू दे, पण ती ते फोनवर मला ऐकवते! झोप मोडली की बीपी वाढतं, साखर वाढते, हृदयावर ताण येतो, विसरायला होतं. आमच्या लहानपणी जास्त झोपलं की आई अंगावर तांब्याभर पाणी ओतायची. आता कमी झोपणं हा गुन्हा!

आणि मी तर पक्का गुन्हेगार. डाळिंबाची बाग आहे आणि शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला मोटर कोण चालू करणार? मीच की!

मग स्वातीनं एक घड्याळ आणून माझ्या मनगटाला बांधलं. मी किती झोपलो, कसा झोपलो, सगळं तिला तिकडं मोबाईलवर दिसणार. वर दम दिला, "बाबा, झोप नीट दिसली नाही, तर बाग खंडानं दुसऱ्याला कसायला द्यायची आणि दोघांनी पुण्याला यायचं. बास!"

पुण्याला? चौथ्या मजल्यावर बसून मी काय करू? कुंडीतल्या तुळशीला ड्रिप टाकू?

झालं, माझ्या सुपीक डोक्यात आयडिया आली. घरात सगळ्यात गाढ कोण झोपतं? आमची मंडळी! पाठ टेकायचा अवकाश, ट्रॅक्टर चढाला लागल्यासारखं घोरणं सुरू. एवढं घोरणारं माणूस म्हणजे झोपेतला पैलवानच, नाही का?

"अगं, रात्री मी पाण्याला गेलो की हे घड्याळ तू घालत जा."

"पोरीला फसवताय व्हय?"

"मग चल पुण्याला."

तिनं लगेच हात पुढं केला.

आता रिपोर्ट एक नंबर येणार म्हणून मी निवांत. तर आठवडा संपायच्या आत स्वाती गाडी घेऊन दारात! चेहरा पांढराफटक.

"बाबा, झोपेत तुमचा ऑक्सिजन खाली जातोय! आत्ताच्या आत्ता बारामतीला डॉक्टरांकडं चला."

"मला काय धाड भरलीय? मी ठणठणीत हाय."

"असंच म्हणतात सगळे!" आणि ती रडायलाच लागली हो. रडणाऱ्या लेकीला खरं कसं सांगायचं? सांगितलं की बाग गेली. मी गपचिप गाडीत बसलो, मंडळीही बसल्या.

डॉक्टरांनी माझा घसा बघितला, मान मोजली, बीपी घेतलं. सगळं ठीक! ते बुचकळ्यात पडले. "मग घड्याळ काय खोटं बोलतंय?" स्वाती म्हणाली. मी छताचा पंखा बघत बसलो.

आणि बाहेरच्या बाकड्यावरून ओळखीचा आवाज आला. बसल्या जागी डोळा लागला होता तिचा! डॉक्टरांनी हातानंच आम्हाला गप केलं. आवाज चढला, चढला आणि एकदम बंद. बराच वेळ काही नाहीच. मग गचका बसून पुन्हा सुरू.

"कोण आहेत या?"

"आमची मंडळी," मी चाचरत म्हणालो. "घड्याळ माझंच हाय साहेब, पर रात्री हात तिचा असतो."

स्वातीनं माझ्याकडं असं बघितलं की मी खुर्चीत निम्मा झालो. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. यांचा श्वास अडतो, म्हणून झोप सारखी मोडते. दिवसा पेंगतात का? सकाळी डोकं दुखतं?"

पेंगायची हो. मी तिला चारचौघांत आळशी म्हणून चिडवायचो. मी उठून बाहेर गेलो आणि बाकड्यावर तिच्या शेजारी बसलो.

तपासण्या झाल्या, झोपताना नाकाला लावायचं मशीन आलं. मंडळींचं घोरणं थांबलं, आता चांगल्या तरतरीत झाल्यात. माझ्या लबाडीमुळं आईचं दुखणं सापडलं म्हणून स्वातीनं बागेला माफी दिली. पण अट घातली, रात्रीचं पाणी गडी बघणार, मी घरातच झोपायचं.

झोपलो. सकाळी मंडळी चहा घेऊन आल्या, तर डोळे लालभडक.

"का गं? मशीन टोचतंय का?"

"मशीन कशाला टोचंल? अवं, इतकी वर्सं माझ्या आवाजात कळलंच न्हाय. तुमी माझ्यापरीस मोठ्यानं घोरताय!"

"काहीतरीच काय!"

तिनं मोबाईल काढला आणि मला माझंच घोरणं ऐकवलं. दावणीची म्हैस दचकून उठून उभी राहिली.

"स्वातीला धाडलंय ह्ये," ती म्हणाली. "बुधवारी बारामतीला तुमचा नंबर लागलाय."