भिंतीखालचं पेव
ओल्या शेणामातीचा वास आला की मला सारंगखेड्याच्या आमच्या घराची खचलेली भिंत आठवते. तापीचा पूर ओसरला आणि पंधरवड्यात मागची भिंत वीतभर खाली बसली. घराचा पुराचा विमा मीच उतरवायला लावला होता. घरात कॉलेज शिकलेला मी पहिला, म्हणून वडिलांनी ऐकलं होतं. विम्याचे साहेब पाहणीला यायच्या सकाळीच आईने भिंतीला पडलेली सगळी भेग शेणामातीने लिंपून टाकली. म्हणाली, "पाहुना ई ऱ्हायना, त्याले फाटेल भीत दाखाडू का?" मग साहेबांसमोर मी खुरप्याने ते लिंपण खरवडलं, तर आत मनगटापर्यंत हात गेला. "खाली काय आहे?" साहेबांनी विचारलं. "जवारीनं जुनं पेव," वडील म्हणाले, "आते रिकामंच शे." साहेब म्हणाले, "धान्याचा खड्डा आपसूक ढासळला असेल तर भरपाई नाही. पुराचं पाणी आत शिरलं होतं का?" पुराच्या वेळी मी धुळ्याला होतो, तरी छातीठोकपणे म्हणालो, "हो, शिरलं होतं." साहेबांनी कागदाला पेन टेकवलं, तोच वडील बोलले, "नही साहेब, पानी ओटालगूनच उनं. हाऊ तव्हय आठे नव्हता." पाणी ओट्यापर्यंतच आलं म्हटल्यावर साहेबांनी कागद आवरले. भिंत आम्हीच पाडली, पेव मुरुमाने बुजवलं आणि पुन्हा बांधली. पदवीचा अभिमान मला आजही आहे, पण तेव्हा वडिलांनी मला खोटारडा न म्हणता नुसतं 'हा तेव्हा इथे नव्हता' म्हटलं, हे कळायला मला फार वर्षं लागली.