ह्यांचा मेसेज

बँकेच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या. नवरा जाऊन वर्ष झालं, तरी त्याची सरकारी पेन्शन दोघांच्या खात्यात चुकून येत राहिली होती. ती परत करायला त्या आल्या होत्या.

“आजोबांचं नाव काय?” कॅशियरनं विचारलं.

जुन्या वळणाच्या आजींनी नवऱ्याचं नाव काही घेतलं नाही. मोबाइल पुढे धरला. पैसे जमा झाल्याचा मेसेज दर महिन्याला आजोबांच्या नावानं येत होता.

घरचे तेराव्याला माणसाला निरोप देऊन मोकळे होतात. सरकारला कुठली एवढी घाई! तिथे तो हयातच असतो.

पावती घडी घालून ठेवत आजींनी विचारलं, “आता ह्यांचा मेसेज यायचा नाही?”

“नाही आजी, अजिबात काळजी करू नका,” कॅशियर म्हणाला.