कबुतरांच्या पायांचा रंग

वीस वर्षं मेहुणा असूनही दाजींना पेंटरबद्दल फारसं काही ठाऊक नव्हतं. चहा बिनसाखरेचा घेतो आणि बोलताना समोरच्याच्या बटणाकडे बघतो, एवढंच.

त्या दुपारी तो दाजींच्या छापखान्यात घाईघाईनं शिरला.

"दाजी, मशीन थांबवा!"

"पुन्हा? पेंटर, संध्याकाळी बोट सुटतेय. गठ्ठे काय पोहत जाणार?"

छापला जात होता तो दोन कबुतरांचा तक्ता. शेजारच्या दोन बेटांवरची ही चुलत भावंडं. थोरलं अंगानं भरलेलं, करड्या मानेचं, अजून काहीशे तरी उरलेलं. धाकटं जरा बारीक, मानेवर गुलाबी झाक, आणि अगदी संपत आलेलं. थोरली उडत उडत धाकट्यांच्या बेटावर येतात आणि दोघं एकाच झाडावर बसतात. खालून मान दिसत नाही, पाय दिसतात.

पेंटरनं जिवंत असं एकही पाहिलं नव्हतं. पहिला तक्ता त्यानं संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरून काढला होता. वाळून दोघांचेही पाय मातकट झालेले. त्यानं तसेच रंगवले. तक्त्यावरून फरक कळेना, म्हणून सहा वर्षं मोजणीवाल्यांनी सगळी कबुतरं थोरल्यांच्या रकान्यात लिहिली. धाकटी उरलीच नाहीत म्हणून तिथली राखणदारांची चौकी उठवायचं घाटत होतं. तेवढ्यात एका राखणदाराचं पत्र आलं: 'धाकट्याचे पाय पिकल्या मिरचीसारखे लाल असतात. तुमच्या तक्त्यात का नाहीत?' शेवटची मोजणी आठवड्यावर आली होती.

पेंटरनं खिशातून खरोखरची लाल मिरची काढून ओल्या कागदाशी धरली.

"फिकट आहे."

दाजींनी तांबडी शाई वाढवली.

"अजून."

"आता काय बोट कापून घेऊ?"

पेंटर हसला नाही. मशीनभोवती फेऱ्या मारत राहिला. "जिवंत असताना मी त्यांना मेल्यांत ढकललं, दाजी."

दाजींनी छापून झालेला सगळा ढीग रद्दीत टाकला आणि मशीन पुन्हा लावलं. शिट्टी व्हायला आली तेव्हा गठ्ठे बोटीवर चढले.

दोन महिन्यांनी कळलं, अडतीस धाकटी मोजली गेली, चौकी राहिली. ते ऐकायला पेंटर नव्हता. मोजणीच्या आधीच झोपेत गेला होता. दाजींची आणि त्याची गाठ पडली ती त्या संध्याकाळी धक्क्यावरच शेवटची.

"जेवायला चल. तुझी ताई वाट बघतेय."

"नको. हात बघा कसे झालेत."

"घरी नळ आहे की रे!"

"रविवारी येतो. तिला सांगा."

"बरं, सांगतो."